तारा गोल फुटत नाही

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये दोन गोष्टींचा सुकाळ होता. एक, रडारचं जुनं सामान. दुसरी, त्या सामानाची नस अन् नस ठाऊक असलेले तरुण. मार्टिन राइल हे त्यांपैकी एक. जर्मन रडारला चकवणारी यंत्रं तयार करण्यात त्यांची युद्धातली वर्षं गेली होती. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी तीच विद्या आकाशाकडे वळवली. एकमेकांपासून दूर उभारलेली दोन एरियल्स तारेने जोडायची, पृथ्वी फिरते तसं आकाश त्यांच्यावरून सरकू द्यायचं आणि येणाऱ्या रेडिओ लहरींचे चढउतार कागदाच्या पट्टीवर नोंदवत राहायचे, अशी ही पद्धत.

१९४८ साली राइल आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रान्सिस ग्रॅहम स्मिथ हंस तारकासमूहातल्या एका रेडिओ स्रोताचा वेध घेत होते. हा स्रोत आधीपासून माहीत होता. हंस पुढे सरकला आणि काही वेळाने पट्टीवरची रेघ पुन्हा उसळली, आणि पहिल्यापेक्षा जास्त. हा नवा स्रोत होता शर्मिष्ठा तारकासमूहात. उत्तरेच्या आकाशात पाच ठळक ताऱ्यांची ती वेडीवाकडी रेघ आपल्याकडे आकाश पाहू लागलेलं शाळकरी पोरही ओळखतं. सूर्य वगळला तर त्या तरंगलांबीला आकाशात यापेक्षा प्रखर काहीच नव्हतं. आणि त्या जागी साध्या दुर्बिणीतून पाहावं तर चार फिकट तारे, बाकी अंधार.

इतका आरडाओरडा करणारी वस्तू दिसत कशी नाही, हा प्रश्न सुटायला काही वर्षं गेली. अडचण जागेची होती. त्या काळची रेडिओ यंत्रं स्रोताची दिशा इतकी ढोबळ सांगत की तेवढ्या तुकड्यात शेकडो तारे बसावेत. ग्रॅहम स्मिथ यांनी १९५१ मध्ये जर्मनांकडून हाती लागलेल्या दोन मोठ्या वुर्झबुर्ग रडार थाळ्या वापरून ती जागा बरीच नेमकी केली आणि आकडे कॅलिफोर्नियाला वॉल्टर बाडे यांच्याकडे पाठवले.

बाडे यांच्याबद्दल थांबून दोन शब्द सांगायला हवेत. १९३४ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांच्याबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. काही तारे आयुष्याच्या शेवटी प्रचंड स्फोटाने उजळतात, साध्या नवताऱ्यापेक्षा हे प्रकरण वेगळंच आहे, आणि या स्फोटातून मागे उरतो तो जवळपास निव्वळ न्यूट्रॉनांचा बनलेला एक चिमुकला तारा, असा त्याचा आशय. न्यूट्रॉन हा कण सापडून तेव्हा दोन वर्षंही धड झाली नव्हती. असलं धाडस विज्ञानात नेहमी फळत नाही, इथे मात्र ते फळलं. पुढे युद्ध आलं. बाडे जन्माने जर्मन, म्हणजे अमेरिकेच्या लेखी शत्रूदेशाचे नागरिक. युद्धाच्या कामावर त्यांना घेता येईना. मग इतर खगोलशास्त्रज्ञ लष्करी कामांत गुंतलेले असताना माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण त्यांच्या वाट्याला आली, आणि खाली लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट, त्यामुळे आकाश नेहमीपेक्षा काळंभोर. त्याच काळात त्यांनी १६०४ साली केप्लरने पाहिलेल्या ताऱ्याच्या जागी त्याच्या स्फोटाचे धुरकट अवशेष शोधून काढले. जुन्या स्फोटांच्या राखेत हात घालायची सवय त्यांना अशी आधीच लागलेली होती.

स्मिथ यांचे आकडे हाती आल्यावर बाडे आणि रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी पालोमारची नवी २०० इंची दुर्बीण तिकडे वळवली. प्रकाशचित्रांत तुटक तंतू दिसले, काही ठिपके, अर्धवट वर्तुळासारखं काहीतरी. मिंकोव्स्की यांनी त्या ठिपक्यांचे वर्णपट घेतले तेव्हा काही ठिपके सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असल्याचं निघालं. असा वेग सामान्य तेजोमेघाला शोभणारा नव्हता. तरीही हे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत यावर सगळ्यांचं एकमत लगेच झालं नाही. मॉस्कोचे इओसिफ श्क्लोव्स्की मात्र ठाम होते. त्यांनी १९६० मध्ये असं गणित मांडलं की हा स्फोटाचा पसरता ढग असेल, तर त्याचा रेडिओ आवाज दरवर्षी थोडा थोडा क्षीण होत गेला पाहिजे. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये जुनी आणि नवी मोजमापं ताडून पाहिली गेली. आवाज खरोखरच वर्षाला साधारण एक टक्का उतरत होता. या स्रोताला तोवर 'कॅसिओपिया ए' हे नाव रुळलं होतं. खगोलशास्त्रज्ञ त्याला लाडाने 'कॅस ए' म्हणतात.

पसरणाऱ्या ढगाचा एक फायदा असतो. त्याची दर काही वर्षांनी छायाचित्रं काढली की प्रत्येक ठिपका किती सरकला ते मोजता येतं, आणि ती सगळी हालचाल उलटी चालवली की ठिपके एका जागी, एका क्षणी येऊन मिळतात. कार्ल काम्पर आणि सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी १९७० च्या दशकात पालोमारच्या जुन्या काचांवरून हे केलं. पुढे रॉबर्ट फेसेन यांनी हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून तेच जास्त बारकाईने केलं. उत्तर १६७० ते १६८० च्या आसपास येतं, थोडं इकडेतिकडे. कॅस ए आपल्यापासून सुमारे ११,००० प्रकाशवर्षं दूर असल्यामुळे स्फोट प्रत्यक्षात त्याहून तितकीच वर्षं आधीचा. पण त्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचला तो या सुमारास. म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक होत होता किंवा नुकताच झाला होता, त्या काळात.

मग तो कोणी पाहिला का?

१०५४ साली वृषभ राशीत दिसलेला तारा चिनी दरबाराने तपशीलवार नोंदवला. १५७२ मध्ये याच शर्मिष्ठेत उगवलेल्या ताऱ्यावर ट्यूको ब्राहे यांनी पुस्तक लिहिलं. कॅस ए बाबत मात्र सगळं सामसूम आहे. (आपल्याकडचा उल्लेख शोधू जाणाऱ्यालाही निराशाच पदरी येते. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी १०५४ च्या ताऱ्यासाठी जुनं संस्कृत वाङ्मय धुंडाळलं होतं. ठाम असं काही हाती लागलं नाही.) एकच संशयित नोंद आहे, ती ग्रिनिचच्या जॉन फ्लॅमस्टीड यांची. १६ ऑगस्ट १६८० रोजी त्यांनी शर्मिष्ठेत सहाव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक तारा टिपला आणि आपल्या यादीत त्याला क्रमांक दिला. तो तारा पुन्हा कोणालाच सापडला नाही. १९८० मध्ये विल्यम अ‍ॅशवर्थ या इतिहासकाराने म्हटलं की फ्लॅमस्टीडनी पाहिला तो हाच स्फोट. जागा जवळपासची आहे, पण तंतोतंत जुळत नाही. दोन वेगळ्या ताऱ्यांची मोजमापं गफलतीने एकत्र झाली असावीत, असं म्हणणारेही आहेत. मला स्वतःला फ्लॅमस्टीडसारख्या काटेकोर माणसाकडून अशी गफलत झाली असेल हे पटायला जड जातं, पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. गंमत अशी की फ्लॅमस्टीड हे ब्रिटनचे पहिले राजज्योतिषी, आणि ज्या दोघांनी १९४८ मध्ये कॅस ए शोधला ते राइल आणि ग्रॅहम स्मिथ पुढे एकामागोमाग एक त्याच पदावर आले.

स्फोट इतका फिका का दिसला असेल याचं उत्तर धुळीत आहे. आपण आणि कॅस ए यांच्यामध्ये आकाशगंगेच्या प्रतलातली धूळ पसरली आहे. एरवी शुक्राशी स्पर्धा करावी असा तारा तिने जवळजवळ विझवून टाकला. तर अशी ही स्थिती: ज्या स्फोटाची खात्रीची एक ओळ कोणी लिहिली नाही, त्याच्याच ढिगाऱ्याने तारे कसे फुटतात या प्रश्नावर पुढच्या पन्नास वर्षांत सगळ्यात जास्त प्रकाश टाकला.

तो प्रश्न काय होता ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल, आणि त्यातला एक धागा मुंबईच्या बंदरातून निघतो. ३१ जुलै १९३० रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे १९ वर्षांचे मद्रासचे पदवीधर मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटीत चढले. केंब्रिजला शिकायला निघाले होते. बोटीवरच्या निवांत दिवसांत त्यांनी मृत ताऱ्यांचं गणित मांडलं. ताऱ्यातलं इंधन संपलं की त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबू लागतं. दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन त्या दाबाला विरोध करतात. चंद्रशेखरांना आढळलं की या विरोधाला मर्यादा आहे. वस्तुमान एका ठरावीक आकड्यापलीकडे गेलं की इलेक्ट्रॉन हार मानतात. तो आकडा आज सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट मानला जातो. एडिंग्टनसारख्या खगोलशास्त्रातल्या दिग्गजाने या निष्कर्षाची भर सभेत टर उडवली, आणि नोबेल मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड असलेल्या ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम, हेलियमचा कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन अशी इंधनं एकामागून एक जळत जातात. प्रत्येक पुढचं इंधन आधीच्यापेक्षा भराभर संपतं. हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो, सिलिकॉन काही दिवस. सिलिकॉनच्या राखेतून लोखंडाचा गाभा साठतो, आणि लोखंडापाशी खेळ थांबतो, कारण लोखंडाची अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा निघत नाही, उलट खर्च होते. हा गाभा वाढत वाढत चंद्रशेखरांच्या मर्यादेशी येतो आणि कोसळतो. पृथ्वीच्या आकाराच्या जवळपासचा तो गोळा एका सेकंदाच्या आत काही डझन किलोमीटरांवर येतो. मध्यभागी द्रव्य इतकं घट्ट होतं की पुढे दबेना. वरून कोसळणारं द्रव्य त्यावर आदळतं, उसळतं आणि बाहेरच्या दिशेने एक आघात तरंग सुटतो.

पुस्तकांत गोष्ट इथेच संपत असे: तरंग सुटला, तारा फुटला. संगणकांत मात्र ती संपेना. स्टर्लिंग कोलगेट आणि रिचर्ड व्हाइट यांनी १९६६ मध्ये दाखवलं होतं की कोसळताना बाहेर पडणारी बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात. पुढच्या वर्षांत जी गणितं झाली त्यांत आघात तरंग केंद्रापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर जाऊन अडकायचा. वाटेतल्या लोखंडाची केंद्रकं फोडण्यात त्याची ताकद संपायची आणि वरून पडणारं द्रव्य त्याला दाबून ठेवायचं. हॅन्स बेथे आणि जेम्स विल्सन यांनी १९८५ मध्ये सुटकेची वाट सुचवली: न्यूट्रिनोंचा अगदी छोटा वाटा जरी अडकलेल्या तरंगाच्या मागच्या द्रव्यात मुरला तरी ते द्रव्य तापेल आणि तरंगाला पुन्हा ढकलेल. वाट पटण्याजोगी होती. १९८७ साली मोठ्या मॅजेलनी मेघात एक तारा फुटला तेव्हा जपान, अमेरिका आणि कॉकेशसमधल्या तीन भूमिगत यंत्रांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो पकडले, तेही प्रकाश दिसायच्या काही तास आधी. गाभा कोसळतो आणि ऊर्जा न्यूट्रिनोंतून जाते, यावर शिक्कामोर्तब झालं. तरी संगणकातले तारे काही केल्या नीट फुटत नव्हते.

त्या गणितांत एक सोय गृहीत धरली होती, आणि ती दोषी आहे असं फार थोड्यांना वाटत होतं. तारा गोल, म्हणून स्फोटही गोल. केंद्रापासूनचं अंतर एवढी एकच गोष्ट मोजायची. उत्तर, दक्षिण, वर, खाली सगळं सारखं. त्या काळच्या संगणकांना याहून जास्त झेपतही नव्हतं. गणिताची सोय हळूहळू निसर्गाचा नियम वाटू लागते, याचं हे मासलेवाईक उदाहरण आहे.

२३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यान एक क्ष-किरण दुर्बीण घेऊन अवकाशात गेलं. मोहिमेच्या कप्तान होत्या आयलीन कॉलिन्स. शटल यानाचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दुर्बिणीचं नाव चंद्रा, चंद्रशेखरांवरून ठेवलेलं. ऑगस्टच्या अखेरीस तिचं पहिलं अधिकृत चित्र जगापुढे आलं, आणि ते होतं कॅस ए चं. चंद्रशेखर त्याआधी चार वर्षं वारले होते. त्यांच्याच मर्यादेने कोसळलेल्या ताऱ्याचं चित्र त्यांच्याच नावाच्या दुर्बिणीने पहिल्यांदा काढावं, हे योजून केलेलं नव्हतं. प्रखर आणि तपशीलवार म्हणून कॅस ए निवडला गेला.

त्या चित्राच्या मध्याजवळ एक ठिपका होता. आधीच्या कोणत्याही दुर्बिणीला तो वेगळा दिसला नव्हता. बाडे आणि झ्विकी यांनी ६५ वर्षांपूर्वी ज्याचं भाकीत केलं, तोच हा न्यूट्रॉन तारा. तो स्पंदन पावत नाही, रेडिओत दिसत नाही. नुसता तापलेला गोळा, जेमतेम एखाद्या शहराएवढा. आणि तो स्फोटाच्या केंद्रावर नाही. जिथून सगळे ठिपके निघाले त्या जागेपासून तो सरकलेला आहे. त्यावरून वेग काढला तर सेकंदाला तीनशेहून जास्त किलोमीटर भरतो. फुटताना ताऱ्याने आपल्याच गाभ्याला लाथ मारली होती. गोल स्फोटात लाथ कुठून येणार?

चंद्राचं बळ फक्त बारकाव्यात नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक क्ष-किरणाची ऊर्जा ती नोंदवते, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेला चमकतं. त्यामुळे सिलिकॉन कुठे, गंधक कुठे, लोखंड कुठे, असे वेगवेगळे नकाशे काढता येतात. याच आकडेमोडीतून पुढे अंदाज निघाले: कॅस ए मध्ये पृथ्वीच्या सुमारे ७०,००० पट लोखंड, २०,००० पट सिलिकॉन आणि दहा लाख पृथ्वींइतका ऑक्सिजन आहे. जॉन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे नकाशे पाहिले आणि आग्नेय बाजूला एक उलटी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ताऱ्यात लोखंड सगळ्यात आत बनतं आणि सिलिकॉन त्याच्या वर. इथे लोखंडाचे गोळे सिलिकॉनच्या बाहेर पडले होते. आतलं बाहेर आलं होतं, तेही एका बाजूलाच. ईशान्येला आणि त्याच्या समोर नैर्ऋत्येला सिलिकॉन-गंधकाच्या दोन पिचकाऱ्याही दिसत होत्या, सेकंदाला दहा हजार किलोमीटरहून वेगवान. काहींनी त्यावरून तर्क केला की गरगरत्या गाभ्यातून सुटलेल्या या दोन झोतांनीच तारा फोडला.

दरम्यान स्फोट प्रत्यक्ष पाहण्याची संधी पुन्हा आली, ती फार आडवळणाने. १६७० च्या दशकातला प्रकाश सरळ आपल्याकडे आला तसाच बाजूंनाही गेला. बाजूचा प्रकाश शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या धुळीच्या ढगांवर पडला आणि तिथून उसळून आपल्याकडे वळला. हा लांबचा रस्ता साधारण सव्वातीनशे वर्षांनी जास्त, म्हणून तो आता पोचतो आहे. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला कॅस ए भोवतीच्या धुळीत असे सरकते उजेड दिसले. मग २००८ मध्ये ऑलिव्हर क्राउझे आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या सुबारू दुर्बिणीने प्रकाशाच्या त्या प्रतिध्वनीचा वर्णपट घेतला. तो १९९३ साली एम८१ या दीर्घिकेत फुटलेल्या एका ताऱ्याच्या वर्णपटाशी हुबेहूब जुळला. म्हणजे कॅस ए हा एके काळचा महाराक्षसी तारा, मरण्याआधी आपलं हायड्रोजनचं बहुतेक आवरण गमावून बसलेला. त्याच वर्षी ट्यूकोच्या १५७२ च्या ताऱ्याचीही अशीच प्रतिध्वनीवरून ओळख पटली. तो मात्र वेगळ्या घराण्यातला निघाला, श्वेत बटू नावाच्या मृत ताऱ्याचा अणुस्फोट. इतिहासात बंद झालेली फाइल पुन्हा उघडून साक्षीदाराची जबानी घ्यावी, असं हे काम.

आर्मिन रेस्ट यांनी पुढे याच पद्धतीने एक चलाख गोष्ट केली. वेगवेगळ्या दिशांची धूळ स्फोटाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहते. तिथून परतलेला प्रकाश तपासला म्हणजे एकाच स्फोटाभोवती फेरी मारून आल्यासारखं होतं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की एका बाजूने दिसणारं द्रव्य बाकी बाजूंपेक्षा सेकंदाला सुमारे ४,००० किलोमीटरने अधिक वेगवान होतं. आणि ही बाजू न्यूट्रॉन तारा निघून गेला त्याच्या ढोबळमानाने विरुद्ध होती.

तरीही एक पळवाट उरत होती. क्ष-किरणांत लोखंड दिसतं ते तापलेलं असेल तरच, आणि ते तापतं ढिगाऱ्यात आत शिरणाऱ्या आघात तरंगामुळे. केंद्राजवळचा भाग अजून न तापलेला, म्हणून न दिसणारा. मग जो नकाशा आपण पाहतो तो स्फोटाचा की नंतरच्या धडकेचा? यासाठी असं काहीतरी हवं होतं की जे थंड असो वा गरम, स्वतःच्या बळावर चमकेल.

ते होतं टायटॅनियम-४४. हा किरणोत्सारी समस्थानिक ताऱ्याच्या अगदी आतल्या भागात, स्फोटाच्या पहिल्या क्षणांत बनतो. जे द्रव्य सुटतं आणि जे न्यूट्रॉन ताऱ्यात परत पडतं, त्यांच्या सीमेवर. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६० वर्षं. कॅस ए मध्ये साडेतीनशे वर्षांनी त्याचा पन्नासावा-साठावा हिस्सा उरला असेल, पण तो अजून क्षय पावतो आहे आणि ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतो आहे. १९९४ मध्ये काँप्टन वेधशाळेवरच्या यंत्राने तो तिथे असल्याचं ओळखलंही होतं. नकाशा मात्र काढता आला नव्हता, कारण इतक्या ऊर्जेचे क्ष-किरण आरशाने एकत्र आणणं फार अवघड.

कॅलटेकच्या फियोना हॅरिसन यांनी नेमकं ते साधलं. त्यांची नुस्टार दुर्बीण जून २०१२ मध्ये अवकाशात गेली. एकात एक घातलेले काचेचे शेकडो पातळ आरसे, आणि त्यांच्यापासून सुमारे दहा मीटर लांब दांड्याच्या टोकावर टिपणारं यंत्र. हा दांडा कक्षेत गेल्यावर उलगडला. कॅस ए कडे ती कित्येक दिवस डोळे लावून होती. ब्रायन ग्रेफेनस्टेट आणि सहकाऱ्यांचा नकाशा फेब्रुवारी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

टायटॅनियम गोल पसरलेला नव्हता. त्या दोन पिचकाऱ्यांच्या रेषेवरही नव्हता. म्हणजे झोतांनी तारा फोडला हा तर्क मागे पडला. तो मोजक्या ढेकळांत होता, मध्यापासून एका अंगाला झुकलेला. गाभ्याच्या भोवती न्यूट्रिनोंनी तापवलेलं द्रव्य खदखदलं, डचमळलं, त्याचे मोठाले बुडबुडे वर उठले आणि अडकलेल्या तरंगाला त्यांनी जिथे जोर मिळाला तिथून ढकलून फोडलं, असा त्या नकाशाचा अर्थ. पातेल्यातलं दूध चहू काठांनी एकदम उतू जात नाही, एका अंगाला फुगून तिथून सांडतं, तसंच काहीसं. गोल गणितात हे बुडबुडे उठूच शकत नव्हते. तिथे वर जाणारं आणि खाली येणारं द्रव्य एकमेकांच्या बाजूने जायला जागाच नव्हती. म्हणूनच संगणकातले तारे फुटत नव्हते.

सिद्धांतकारांना ही शंका नव्वदच्या दशकापासून होती. जर्मनीत गार्शिंगला हान्स-थॉमस यांका, अमेरिकेत अ‍ॅडम बरोज आणि इतर काही जण दोन मितींत, मग तिन्ही मितींत ताऱ्याचा स्फोट घडवण्याच्या मागे होते. एकेका गणिताला महासंगणकांचे महिनोन्‌महिने लागत. २०१७ च्या सुमारास यांका यांच्या गटाने एका ताऱ्याचा तीन मितींतला स्फोट टायटॅनियम आणि लोखंड विखुरेपर्यंत चालवला, तेव्हा पडद्यावरचा ढिगारा कॅस ए सारखा दिसू लागला. न्यूट्रॉन ताऱ्याला लाथ बसते तीही त्यात आपोआप निघाली. एका अंगाला जास्त द्रव्य गेलं की न्यूट्रॉन तारा दुसऱ्या अंगाला निघतो. दुसरीकडे डॅनी मिलिसाव्ल्येविच आणि फेसेन यांनी २०१५ मध्ये ढिगाऱ्याचा तीन मितींतला नकाशा काढला आणि आतून तो पोकळ बुडबुड्यांचा बनलेला असल्याचं दाखवलं.

सगळी कोडी सुटलीत असं मात्र नाही. त्या दोन पिचकाऱ्या आल्या कुठून, याचं उत्तर अजून नीट मिळालेलं नाही. हायड्रोजनचं आवरण शेजारच्या जोडीदार ताऱ्याने ओढून नेलं असावं, हा सगळ्यात सोपा अंदाज. पण तो जोडीदार खूप शोधूनही सापडत नाही. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने काढलेल्या चित्रात मध्येच एक हिरवट पडदा निघाला, त्यात गोल गोल छिद्रं. बोस्टनच्या बेसबॉल मैदानातल्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीवरून त्याला 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणू लागले. तो ताऱ्याने मरण्याआधीच सोडलेला वायू आहे आणि ढिगाऱ्याचे तुकडे त्यातून आरपार गेले, असा सध्याचा उलगडा. २०२५ मध्ये तोशिकी सातो आणि सहकाऱ्यांनी चंद्राच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळून असं मांडलं की स्फोटाच्या अगदी थोडे तास आधीच ताऱ्याच्या आतले सिलिकॉन आणि निऑनचे थर एकमेकांत घुसले होते. म्हणजे फुटायच्या आधीच तारा आतून गोल राहिला नव्हता, आणि ही विषमताच कदाचित स्फोटाला मदत करून गेली.

या सगळ्याची खरी परीक्षा दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावरच होणार होती, आणि तो १९८७ सालचाच मिळाला. त्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पकडले गेले, पहिल्या दिवसापासून प्रकाश मोजला गेला, पण मागे उरलेला न्यूट्रॉन तारा धुळीत दडून राहिला. कॅस ए च्या नेमकं उलट. २०१५ मध्ये नुस्टारने तिथल्याही टायटॅनियमच्या रेषा पाहिल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या तांबड्या बाजूला सरकल्या होत्या. द्रव्य सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात होतं. कॅस ए चा धडा खरा असेल, तर न्यूट्रॉन तारा आपल्या दिशेने यायला हवा. २०२४ मध्ये क्लास फ्रान्सन आणि सहकाऱ्यांनी वेब दुर्बिणीने त्या ढिगाऱ्याच्या मध्याशी आयनित आर्गॉनचा प्रकाश टिपला. न्यूट्रॉन ताऱ्यासारखं काहीतरी त्या वायूला उजळवत आहे, याची ही पहिली भक्कम खूण. आर्गॉनची ती रेषा निळ्या बाजूला सरकलेली होती: सेकंदाला साधारण अडीचशे किलोमीटर, आपल्या दिशेने.